उचलून नेता येणारी खोली

गिरिधर आमच्याच गावचा, काटोलकडचा. गावात संत्र्याच्या बागा होत्या, पण दुसऱ्याच्या. त्याच्या बापाकडे दोन बकऱ्या होत्या अन् एक कायमचा खोकला. पोट्टा दहावीत गणितात गचकला, नागपुरात आला, हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रा कापायले लागला. तो कारखाना बसला तेव्हा त्याच रस्त्याले भाड्याचं शेड घेऊन कूलर बनवू लागला.

नागपूरवाल्याले कूलर सांगायची गरज नाही. बाहेरच्यासाठी सांगतो. पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंले लाकडाच्या पिंजलेल्या सालींच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. होळी झाली का माळ्यावरून उतरते, खिडकीत बसते. पाऊस लागला का खिडकीतून निघून पुन्हा माळ्यावर. वर्षाचे आठ महिने घरातल्यांच्या पायात येणारी अशी दुसरी वस्तू नाही, असं गिऱ्हाईक म्हणे, तर गिरिधर म्हणे, "एक हाय. माहा साळा."

त्याच्या कूलरचं नाव झालं त्याले कारण वेगळं होतं. हवा तर सगळ्यांच्याच कूलरची सारखी. पण नागपूर आता फ्लॅटात राहते, जिने अरुंद, वळणावर कूलर अडकते अन् नवराबायकोचं भांडण होते. गिरिधरनं पेटी अशी केली का एका पान्यानं चारही बाजू सुट्या होत, एकीवर एक ठेवल्या का पलंगाखाली. नवी सूनही कोणाले न विचारता कूलर काढून ठेवू शकत होती. हे त्याचं आयुष्यातलं मोठं काम. सांगताना तो छाती फुगवत नसे, पण विषय मात्र दुसरा निघू देत नसे.

ताट्या भरायले त्याच्याकडे यमुताई यायची, फक्त उन्हाळ्यात. साठीच्या आसपासची बाई, भंडाऱ्याकडची. नवरा मेल्यावर दिरानं घराचं दार लावून घेतलं, ते तिनं पुन्हा वाजवलं नाही. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, साड्यांच्या एका दुकानासमोरच्या फुटपाथावर ती राहत होती. सकाळी शटर उघडायच्या आधी ओळीतल्या दुकानांसमोर झाडू मारायचा, पाणी भरून ठेवायचं. संध्याकाळी कपड्यांचे हातगाडीवाले आपले गठ्ठे तिच्या उशाशी टाकून घरी जात. तिचं राहणं अन् कमावणं एकाच जागी होतं. ती जागा गेली का दोन्ही गेलं.

फुटपाथाचाही एक कायदा असते. तो कोणी लिहिला नाही, पण कोर्टापेक्षा जास्त चालते. जो निजला त्याची जागा. तुम्ही दवाखान्यात भरती झाले, तुमाले गावाले जा लागलं, तर शेजारचा तुमचं बोचकं सांभाळते, जागाही सांभाळते. पण तुमाले दुसरीकडे छप्पर भेटलं हे कळलं, का जागा गेली. मंग परत येऊन भांडायचं नाही. म्हणून यमुताई दिवसभर ताट्या भरून कितीही थकली तरी शेवटच्या बसनं बर्डीले जायचीच. गिरिधरची बायको कुसुमताई म्हणायची, "राहा ना वं इथंच, आजच्या रोज."

"आजच्या रोज राहीन," यमुताई म्हणायची. "अन् उद्याच्या रोज?"

अशात भैरवी नावाची एक आर्किटेक्ट पोरगी शेडावर आली. बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची. रात्रनिवाऱ्याची पक्की इमारत मंजूर होती अन् मंजूरच राहत होती. तोवर लोकांनी कुठी निजायचं म्हणून संस्थेले लहान लहान खोल्या पाहिजे होत्या. एका माणसाच्या, फार तर मायलेकाच्या. सुट्या होणाऱ्या, दुसरीकडे नेता येणाऱ्या.

"काका, तुमचा कूलर माझ्या आईकडे आहे," ती म्हणाली. "तोच मोठा करायचाय. माणूस मावेल एवढा."

"माणूस बसवला तर पंखा कुठी बसवू?"

ती हसली अन् तिथंच पाटावर बसली. तो उन्हाळा दोघांनी त्या खोलीत घातला. भैरवी कागदावर काढायची, गिरिधर पत्र्यावर. पहिली खोली उभ्या माणसाच्या उंचीची केली, तर वादळात ती नाचू लागली. मंग बुटकी केली, तर गिरिधरच वाकता वाकता कपाळ फोडून बसला. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत माणूस निजला तर त्याचा पापड होईन, म्हणून भिंत दुहेरी केली अन् मधात ताटीतलं लाकूड ठासून भरलं. छत भिंतींपासून वीतभर वर उचललं, हवा खेळायले. जमीन अँगलवर चढवली, खालून पाणी वाहून जाईन अशी. सगळे बोल्ट एकाच मापाचे. गिरिधर म्हणे, कूलरच्या वेळीही असं झालं नव्हतं, पण आता सकाळी उठल्या उठल्या डोस्क्यात खोलीच.

यमुताई ताट्या भरता भरता पाहत असायची. एक रोज भैरवी तिले म्हणाली, "मावशी, आत झोपून बघा ना."

यमुताई आत गेली, आडवी झाली, पाय लांब केले. मंग आतूनच म्हणाली, "खिडकी बुजव. कोणीही डोकावीन."

"खिडकी राहू द्या मावशी, हवा लागते."

"तुमच्या घरी लागत असन."

खिडकी राहिली. भैरवीनं हट्टच धरला. पुढं यमुताईले ती खिडकी आवडली, तिच्यात तिनं प्लास्टिकचा कुंकवाचा करंडा ठेवला, हा भाग वेगळा. पण त्या रोजी बाहेर येताना तिची नजर खाली गेली. खोलीच्या बुडाले ठेल्याची चाकं होती; भिंती सुट्या करून रचल्या का ते बूडच ठेला होई.

"चाकं काहून लावून राहिला गा?"

"जागा कोणाची तरी असतेच ना, यमुताई," गिरिधर म्हणाला. "त्यानं म्हटलं सरकव, तर सरकवता आली पाहिजे. नाही तर तोडतीन."

"अन् नाही सरकवली तर?"

"मंग परवानगीच नाही भेटत."

"म्हणजे जाता येते म्हणून राहू देतीन."

"हाव. तसंच समज."

गिरिधरची चूक इथंच झाली. तो पडला कूलरवाला. त्याच्या लेखी चांगली वस्तू म्हणजे काम संपल्यावर सोप्यात निघणारी वस्तू. कूलर खिडकीतून निघते तेव्हा खोलीत उजेड येते, घरचे खुश होतात. त्यानं खोलीही तशीच बनवली. ती निघाली तर आतल्या माणसाचं काय, हे त्यानं भैरवीले विचारलंही होतं. ती म्हणाली, दुसऱ्या जागी लावू. ते दोघांलेही पुरेसं वाटलं. दोघांच्याही पाठीमागं घर होतं.

चार खोल्या तयार झाल्या. महापालिकेचे साहेब लोक पाहायले आले. गिरिधरनं पाना घेऊन त्यांच्यासमोर एक खोली उघडली. चहा यायच्या आत ती ठेल्यावर चढली होती. साहेबांनी स्वतः एक बोल्ट फिरवून पाह्यला अन् परवानगी दिली. बर्डीच्या मागच्या अंगाले एका बंद गोदामाच्या भिंतीपाशी, बोळीत. यमुताईच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर.

आता प्रश्न यमुताईचा होता. खोलीत गेली का फुटपाथावरची जागा सुटणार. ती महिनाभर हो म्हणेना. गिरिधर बर्डीले जाऊन तिच्याजवळ उकिडवा बसला.

"यमुताई, दार हाय. आतून कडी हाय. तुले अजून काय पाहिजे?"

"मले काही नाई पाहिजे. हे हाय ते राहू दे."

"हे काय हाय? थंडीत कुडकुडतं, पावसात गोधडी डोक्यावर घेऊन उभी राहतं."

"उभी राहतो, पण जागेवर उभी राहतो."

"मी सांगून राहिलो ना. मी हाय ना."

हे शेवटचं तो सहज बोलून गेला. आपल्याकडे असं बोलतात. लग्नात बोलतात, अंत्ययात्रेत बोलतात. पण यमुताईले असं बोलणारं बरेच वर्षांत कोणी भेटलं नव्हतं. ती उठली, गोधडी गुंडाळली. तिच्या जागेवर त्याच संध्याकाळी रितिका नावाची बाई लहान्या पोरीले घेऊन निजली. ती आधी गटाराच्या तोंडाशी निजत होती. यमुताईनं स्वतःच तिले सांगितलं, भिंतीच्या बाजूनं नीज, पोरीले आत घे, हातगाडीवाले गठ्ठे न्यायले सकाळी लवकर येतात, त्यांच्या आधी उठ.

त्या खोलीत यमुताई सुखी होती. याच्यावर जास्त लिहायले माह्याकडे काही नाही, सुखाचं तेवढंच असते. दार लावून निजायची. सकाळी झाडू घेऊन पाच पावलांवर कामाले. शेजारच्या खोलीतला नत्थू, जुना रिक्षावाला, तिले चिडवायचा, "यमुबाई, आता तुमाले घंटी बसवा लागते दाराले." ती म्हणे, "तुह्यासाठी कुलूप बसवतो."

मंग कोणी मोठा पाहुणा शहरात येणार म्हणून रस्ते धुणं सुरू झालं. खोल्या त्या रस्त्यावरून दिसत नव्हत्या, पण वरून फोन आला. थोड्या दिवसांसाठी हलवा. गिरिधर पाना घेऊन गेला. खोल्या रेल्वेलाइनच्या कडेले गेल्या. यमुताईले तिथून बर्डी पायी गाठता येत होती, फक्त अर्ध्या रात्री उठा लागे. पाहुणा येऊन गेला. खोल्या परत आल्या नाहीत. बोळीत कोणीतरी गाड्या लावायले लागलं होतं.

अन् तिथंही महिना-दोन महिने झाले नाही तर पुन्हा फोन. आता शहराच्या टोकाले, हुडकेश्वरच्या पलीकडे, प्लॉट पाडून ठेवलेल्या एका मोकळ्या लेआउटात. बस मुख्य रस्त्यावरच थांबते, तिथून आत बरंच चालायचं. पहिली बस बर्डीले पोचेपर्यंत दुकानं उघडून जातात.

गिरिधर पाना घेऊन आला तेव्हा यमुताई दारात बसली होती. नत्थूची खोली आधीच ठेल्यावर चढली होती.

"गिरिधर, याले झाळ मारून दे," ती म्हणाली.

"काय?"

"ते बोल्ट झाळून टाक. निघालेच नाई पाहिजे. तुह्याकडे मशीन हाय ना वेल्डिंगची."

गिरिधरनं भैरवीकडे पाह्यलं. ती बाजूले उभी होती, तिचे डोळे रडून सुजलेले होते का झोप नव्हती, सांगता येत नाही.

"काका, नका करू," ती हळू आवाजात म्हणाली. "हलवली नाही तर अतिक्रमण म्हणतील. जेसीबी आणतील. पुढच्या वीस खोल्यांची फाइल वर गेली आहे, तीपण बंद होईल. वीस माणसांचा प्रश्न आहे."

"अन् माहा?" यमुताई म्हणाली.

"मावशी, तुमची खोली तुमचीच आहे. फक्त जागा बदलतेय."

"पोरी, खोली मी मागितली नव्हती. जागा मागून राहिली."

गिरिधर बराच वेळ पाना हातात घेऊन उभा राहिला. त्यानं मनात काय हिशेब केला ते त्यानं कोणाले सांगितलं नाही. मले इतकंच सांगितलं का मशीन गाडीवर होती, वायरही होती, बाजूच्या टपरीवरून लाइन घेता आली असती. मंग तो म्हणाला, "यमुताई, जराशी उठ."

ती उठली. आपलं पातेलं, करंडा, गोधडी घेऊन बाजूले झाली. खोली चहा यायच्या आत उघडली. तिथं हजर असलेला साहेब म्हणाला, "वा, काय चीज बनवली आहे." गिरिधरच्या कूलरची तारीफ आजवर पुष्कळांनी केली होती. ही त्यानं घरी जाऊन कुसुमताईलेही सांगितली नाही.

हुडकेश्वरच्या लेआउटात यमुताईनं काही रोज बसनं जाऊन पाह्यलं. पोचायची तेव्हा दुकानांसमोर झाडू मारून झालेला असे. साडीवाल्यानं सांगितलं, "मावशी, तुम्ही वेळेवर येत नाही, काय करणार. रितिकाच मारते आता." गठ्ठे तर तिच्याकडे कधीचेच जात होते. यमुताई रितिकाजवळ जाऊन बसली. रितिकानं पोरीच्या ताटलीतला पोहा तिच्यासमोर केला.

"मावशी, तुमाले तर खोली भेटली ना," रितिका म्हणाली.

"भेटली."

"मंग इथं नका येऊ. लोक मले बोलतात. म्हणतात, जिचं घर हाय ते येऊन बसते, अन् तू ऐकून घेतं."

यमुताईनं पोहा खाल्ला. गिरिधरनं नंतर तिले विचारलं, तू भांडली काहून नाही, इतक्या वर्षांची तुही जागा. ती म्हणाली, "तिचं बरोबर हाय. मी राहिली असती तिच्या जागी, तर मीही हेच म्हटलं असतं."

पावसाळ्यानंतर लेआउटच्या मालकानं तारेचं कुंपण घातलं. खोल्या पुन्हा उघडल्या. या वेळी नवी जागाच नव्हती, म्हणून चारही खोल्या गिरिधरच्या शेडात आल्या, भिंतीले भिंत लावून, कूलरच्या सांगाड्यांच्या मागं. नत्थू त्याच्या भाच्याकडे गेला, ते भाच्याले आवडलं नाही. बाकीचे दोघं कुठी गेले ते कोणाले माहीत नाही. कुसुमताई यमुताईले म्हणाली, राहा इथंच शेडात. ती राहिली. दसऱ्याचे दिवस. शेडात काम नाही, ताट्या होळीले. ती दिवसभर बसून राहायची अन् कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या का रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकली पाहायची. शेजारचा शेडवाला गिरिधरले म्हणाला, "तुह्याकडे कोण बाई बसून राहते बे, मालकाले सांगू का?" हे तो हसत म्हणाला, पण म्हणाला. दोन-चार रोजांनी यमुताई सकाळी उठून निघून गेली. कुसुमताईनं दिलेली शाल घडी करून ठेवून गेली, न्यायची असती तर नेली असती.

गिरिधर तिले धुंडायले बर्डीत गेला. रितिकाले माहीत नव्हतं. हातगाडीवाल्यांले माहीत नव्हतं. स्टेशनाकडे गेला. मंग कूलरच्या मोटारी आणायच्या होत्या, मंग पुतणीचं लग्न निघालं. माणूस धुंडणंही कामातच करा लागते.

भैरवीनं पुण्याले नोकरी धरली. जायच्या आधी फोन करून रडली. गिरिधर म्हणाला, "जाजो पोरी, तुही काही चूक नाही." चूक दोघांची सारखी होती हे त्याले माहीत होतं, पण पोरगी चालली होती. वीस खोल्यांची फाइल मात्र मंजूर झाली. नवा अधिकारी शेडावर आला, जुन्या खोल्यांच्या भिंती बोटानं वाजवून पाह्यल्या.

"याच्यापेक्षा हलकी करता येईल? दोन माणसांनी उचलता आली पाहिजे. बोल्टही कमी करा."

"होईन," गिरिधर म्हणाला.

कूलरचा सीझन दूर होता. शेडाचं भाडं दर महिन्याले होतं. त्यानं बोल्टाच्या जागी खटके बसवले, लाकूड काढून थर्माकोल भरला. नवी खोली पान्याशिवाय सुटी होते. मी पाह्यली. खरंच चांगली चीज आहे. मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "तू तरी नको म्हणू."

थंडीत एका सकाळी तो वर्धा रोडवरून कूलरच्या मोटारींचं सामान घेऊन येत होता. एका दवाखान्याच्या भिंतीले लागून पेशंटांचे नातेवाईक निजतात, त्या रांगेच्या शेवटी, जिथं नळाचं पाणी वाहून येते, तिथं त्याले यमुताई दिसली. झाडू हातात होता. हात वाळून काड्या झाले होते. त्यानं गाडी तिथंच थांबवली, स्टँडवर लावली.

"यमुताई."

तिनं वर पाह्यलं. ओळखलं. "गिरिधर होय. कुसुम कशी हाय?"

"बरी हाय. तू सांगून काहून नाही गेली वं?"

"काय सांगा लागते त्यात."

त्यानं तिले नव्या खोल्यांचं सांगितलं. वीस होऊन राहिल्या. एक तुले पहिली. थर्माकोलची, थंडी लागत नाही. साहेबाले मी स्वतः बोलतो. बोलताना त्याचं त्यालेच ऐकू येत होतं का तो कूलर विकल्यासारखा बोलत आहे, पण थांबता येईना.

यमुताई ऐकत राहिली. तिच्या पायापाशी ओला पडलेला भाग होता, तेवढाच अजून कोणी घेतला नव्हता. तिनं तिथं पोतं अंथरलं होतं अन् पोत्यावर पातेलं.

"नाई गा," ती म्हणाली. "इथं मी परवाच बसली. इथल्यांनी अजून हो म्हटलं नाई. आज झाडू मारून देतो, मंग पाहतीन."

"अवं पण इथं पाणी येते."

"म्हणून तर भेटली."

त्यानं पैसे काढायले खिशात हात घातला, तर तिनं मानेनं नको म्हटलं. मागच्या बाजूनं एक म्हातारा खोकत आला, त्यानं यमुताईकडे पाह्यलं, मंग गिरिधरकडे, मंग पोत्याकडे. यमुताई घाईनं पुढं झाली.

"गिरिधर, गाडी काढ," ती हळू आवाजात म्हणाली. "तू इथं थांबला तर त्यांले वाटीन माह्यं कोणी हाय."

गिरिधरनं स्टँड काढला, गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली अन् मंग चालू केली.